एबीएसचा पिवळा दिवा आणि जुनी फोर-बाय-फोर : सेन्सर विकत घेण्याआधीची तपासणी

मुंबईत जुनी फोर-बाय-फोर बाळगणाऱ्याला एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचा, पिवळा दिवा अनोळखी नसतो. जुलैतल्या एखाद्या रात्री हिंदमाता किंवा शीवच्या साचलेल्या पाण्यातून गाडी बाहेर काढावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर तो दिवा लागलेला दिसावा, हे नेहमीचेच आहे. मग गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर पुढच्या उजव्या चाकाच्या वेग-सेन्सरचे नाव उमटते आणि त्या एका ओळीवर विसंबून नवा सेन्सर मागवला जातो. पुष्कळदा दिवा काही दिवसांपुरता विझतो आणि पुन्हा लागतो, कारण सेन्सर मुळात बिघडलेलाच नसतो. तो बदलताना कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, काढून पुन्हा बसवला गेला, पिनांवरचा गंज थोडा खरवडला गेला आणि तेवढ्यावर काही दिवस निभावले, इतकेच घडलेले असते. स्कॅनरने दाखवलेले चाक बहुधा बरोबर असते, परंतु त्या चाकापाशी नेमके काय बिघडले आहे हे त्याला कळत नाही. सेन्सर, त्याची तार, कपलर, समोरची दातेरी रिंग, दोहोंमधले अंतर आणि चाकाचे बेअरिंग या सहांपैकी कशातही दोष असला तरी पडद्यावर उमटणारी ओळ जवळपास सारखीच असते. त्यामुळे माझ्या मते सेन्सर हा या यादीतला शेवटी विकत घ्यायचा भाग आहे.

पुढील विवेचन मुख्यतः २००० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या गाड्यांना धरून आहे. पजेरो, एंडेव्हर, सफारी, स्कॉर्पिओ किंवा बाहेरून आणलेली एखादी लँड रोव्हर यांच्या तपशिलांत फरक असला तरी तपासणीचा क्रम बदलत नाही. लागणारी साधनेही मोजकीच आहेत : लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा एक बरा मल्टिमीटर, जॅक आणि भक्कम स्टँड, बारीक फट मोजण्याचा पितळी पात्यांचा फिलर गेज, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि पाणी फवारण्याची साधी बाटली.

दात, चुंबक आणि वेटोळे

चाके जाम होऊ न देणारी बॉशची इलेक्ट्रॉनिक ब्रेक-व्यवस्था १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास गाडीत आली आणि तिच्यामागचे तत्त्व आजही तेच आहे. चाकाच्या हबवर किंवा चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ड्राइव्हशाफ्टच्या, बाहेरच्या सांध्यावर एक लोखंडी दातेरी रिंग बसवलेली असते आणि तिच्यापासून साधारण एक मिलिमीटर अंतरावर, नकलमध्ये (हब धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागात) किंवा ॲक्सलच्या टोकाशी, सेन्सर घट्ट बसवलेला असतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये एक कायमस्वरूपी चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे याखेरीज काहीही नसते. रिंगचा दात समोर आला की चुंबकीय क्षेत्र घट्ट होते आणि खाच समोर आली की ते सैल पडते; या चढउतारामुळे वेटोळ्यात उलटसुलट बदलणारा, म्हणजे एसी, विद्युतदाब निर्माण होतो. अशा सेन्सरला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही, कारण चाकाच्या फिरण्यातून तो आपली वीज स्वतःच तयार करतो.

एक हिशेब मांडून पाहिला तर पुढचे सारे सोपे होते. २३५/७० आर १६ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.३ मीटर भरतो. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल तर ती सेकंदाला सुमारे ११ मीटर कापते, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास ४.८ फेरे घेते. रिंगला ४८ दात असतील तर सेन्सरमधून सेकंदाला सुमारे २३० लहरी निघतात. तीच गाडी सिग्नलपाशी ताशी ५ किलोमीटरवर येते तेव्हा लहरींची संख्या २९ च्या आसपास उतरते. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की केवळ लहरींची संख्या घटते असे नाही, तर प्रत्येक लहरीची उंची, म्हणजे व्होल्टेजही, वेगाबरोबर खाली येते. त्यामुळे जराशा अशक्त झालेल्या सेन्सरचे किंवा वाढलेल्या अंतराचे दुखणे वेगात झाकले जाते आणि गाडी थांबता थांबता उघडे पडते.

एबीएसच्या संगणकाला गाडीचा खरा वेग कळण्याचे वेगळे साधन बहुधा नसते. तो चारही चाकांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहतो आणि एखाद्या चाकाचा वेग इतरांच्या मानाने अविश्वसनीय झपाट्याने पडला, तर ते चाक जाम होत आहे असे समजून त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो. जाम झालेले चाक आणि हरवलेला संदेश त्याला सारखेच दिसू शकतात, म्हणून तो स्वतःची तपासणी दोन टप्प्यांत करतो. चावी फिरवताच प्रत्येक सेन्सरच्या वाटेत अत्यल्प विद्युतदाब सोडून तार अखंड आहे की तुटलेली किंवा एकमेकीला चिकटलेली आहे, हे तो पाहतो. चाके फिरू लागल्यावर चारही संदेश येत आहेत का आणि ते परस्परांशी जुळतात का, हे पाहतो.

दिवा कोणत्या क्षणी लागतो

या दोन टप्प्यांमुळेच दिवा लागण्याची वेळ हा सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो, आणि तो गोळा करण्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. गाडी गॅरेजमध्ये नेण्याआधी मालकाने दोन-तीन दिवस एवढेच टिपून ठेवावे की दिवा केव्हा लागला, त्या वेळी गाडी सरळ जात होती की वळत होती, रस्ता कोरडा होता की ओला, आणि चावी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो विझला का.

चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून विझतात, परंतु एबीएसचा दिवा विझतच नाही आणि गाडी अजून जागची हललेलीही नाही, असे असेल तर दोष स्थिर तपासणीत सापडलेला आहे. अशा वेळी तुटलेली तार, निसटलेला किंवा गंजलेला कपलर, आतून तुटलेले वेटोळे, फ्यूज किंवा खुद्द संगणक यांचा संशय घ्यावा. मागच्या फेरीतल्या दोषाचा दिवा काही जुन्या गाड्यांत गाडी चालेपर्यंत विझत नाही, तेवढा अपवाद सोडला तर रिंग, अंतर आणि बेअरिंग यांचा येथे संबंध नसतो, कारण चाक फिरल्याशिवाय त्यांचे दोष संगणकाला दिसणे शक्य नाही.

दिवा आधी विझतो आणि गाडी निघून ताशी १०-२० किलोमीटरचा वेग आला की पुन्हा लागतो, तेव्हा चित्र नेमके उलटे असते. विजेची वाट अखंड आहे, पण एका चाकाचा संदेश येतच नाही किंवा इतरांशी जुळत नाही. सेन्सरच्या टोकावर साचलेला लोखंडी चुरा, वाढलेले अंतर, दात तुटलेली किंवा सरकलेली रिंग, अथवा ड्राइव्हशाफ्ट बदलताना वेगळ्या दातसंख्येची रिंग बसली जाणे, ही येथली ठरलेली कारणे आहेत. जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा शाफ्ट बसवलेला असेल तर दात मोजून पाहण्यास पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात कित्येकदा उलगडा होतो. एबीएस नसलेल्या उपप्रकारातून काढलेल्या शाफ्टवर तर रिंगच नसते.

केवळ एका बाजूच्या लांब वळणावर, समजा उड्डाणपुलाच्या उताराला, दिवा लागत असेल तर त्या चाकाचे बेअरिंग आधी हलवून पाहावे. वळताना चाकावर आडवा भार येतो, झिजलेल्या बेअरिंगमधला ढिलेपणा त्या भाराखाली एका बाजूला जातो आणि सेन्सर व रिंग यांच्यातले अंतर वाढते. सुकाणू एका टोकाला वळवल्यावरच दिवा लागत असेल तर मात्र चाकाच्या कमानीतून जाणारी तार ताणली जात असावी.

आणखी एक प्रकार असा आहे की ज्यात दिवा लागतच नाही. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर हलका ब्रेक दाबून गाडी थांबवताना शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पेडल पायाखाली थरथरते, पंपाचा घरघराट ऐकू येतो आणि गाडी अपेक्षेपेक्षा थोडी पुढे जाऊन थांबते. संगणकाला येथे काहीही चुकलेले वाटत नाही. त्याच्या दृष्टीने एक चाक खरोखर जाम होत असते आणि तो आपले काम करत असतो. वाढलेले अंतर किंवा तडकलेली रिंग यांचे हे विशेष लक्षण आहे. डिस्क वाकडी झाली तरी पेडल थरथरते, म्हणून दोहोंतला फरक ओळखण्यासाठी एबीएसचा फ्यूज तात्पुरता काढून मोकळ्या, निर्जन रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबून पाहावा. थरथर नाहीशी झाली तर दोष एबीएसच्या संदेशात आहे आणि ती राहिली तर डिस्क-ड्रमकडे वळावे. ही परीक्षा पूर्व द्रुतगती मार्गावर किंवा घाटात करू नये, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

पिवळा दिवा एकटा असताना साधे ब्रेक शाबूत असतात आणि फक्त एबीएसची मदत मिळत नाही. परंतु त्याच्या जोडीने ब्रेकचा तांबडा दिवाही लागला, तर ब्रेक-ऑइल कमी झालेले असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांतला ब्रेकचा दाब वाटणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते, कारण ती याच सेन्सरांवर चालते. तेव्हा मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो. अशी गाडी चालवत नेऊ नये, उचलून न्यावी.

स्कॅनरचे म्हणणे

बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर प्रायः इंजिनाचेच कोड वाचतात आणि एबीएसच्या संगणकापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे त्यांनी कोड नाही असे दाखवले तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. काही जुन्या गाड्यांत तर स्कॅनरची गरजच नसते : निदान-कपलरमधल्या ठरावीक दोन पिना तारेने जोडल्या की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकून कोडचा आकडा सांगतो. मात्र कोणत्या पिना जोडायच्या हे त्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावे. अंदाजाने पिना जोडणे महागात पडते.

सी००३५ हा सर्वसामान्य कोड पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या वाटेचा, सी००४० पुढच्या उजव्याचा, सी००४५ मागच्या डाव्याचा आणि सी००५० मागच्या उजव्याचा समजला जातो. कंपन्यांचे स्वतःचे कोड याहून निराळे असू शकतात. डावे-उजवे नेहमी चालकाच्या आसनावर पुढे तोंड करून बसल्यावर धरायचे असते. अमेरिकी मॅन्युअल किंवा व्हिडिओ पाहून काम करणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते, कारण तिकडे चालकाच्या बाजूचे चाक म्हणजे डावे आणि आपल्याकडे तेच उजवे. चांगल्या चाकाचा सेन्सर उपटून काढला जाण्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते.

स्कॅनर एबीएसचे चालू आकडे दाखवणारा असेल तर त्याचा खरा उपयोग कोड वाचण्यापलीकडचा आहे. पहाटेच्या वेळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एखाद्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला सांगावे आणि आपण शेजारी बसून चारही चाकांचे वेग पाहावेत. ताशी ३० किलोमीटरवर चारही आकडे जवळपास सारखे दिसतील. मग ब्रेकला पाय न लावता गाडी हळूहळू मंदावू द्यावी. तीन चाकांचे आकडे ताशी तीन-चार किलोमीटरपर्यंत टिकून एक चाक आठ-दहावरच शून्यावर कोसळले, तर कोड काहीही असो, अशक्त चाक सापडले. एकाच वेळी दोन किंवा अधिक चाकांचे कोड आले तर मात्र सेन्सरांना हातही लावू नये. चार स्वतंत्र सेन्सर एकाच दिवशी बिघडणे दुर्मीळ आहे. अशा वेळी संगणकाचा मुख्य कपलर, त्याचा वीजपुरवठा आणि अर्थिंगची तार हे आधी तपासावेत.

तार आणि कपलर

मुंबईतल्या गाड्यांत सर्वाधिक दोष येथेच सापडतात, असे माझे ठाम मत आहे. समुद्राची खारी हवा, साचलेले पाणी आणि खड्ड्यांमुळे अखंड हलणारे सस्पेन्शन या तिन्ही गोष्टी कपलरवर आणि तारेवर एकत्र येऊन पडतात. त्यात फोर-बाय-फोर गाडीच्या सस्पेन्शनची चाल साध्या गाडीपेक्षा मोठी असते आणि गाडीची उंची वाढवणारे लिफ्ट किट बसवलेले असेल तर मूळ लांबीची तार कायमच ताणलेली राहते. अशा तारेचे बाहेरचे रबर अखंड दिसते, पण आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात. गाडी उभी असताना ते एकमेकांना टेकतात आणि मोजमाप उत्तम येते, खड्ड्यात चाक गेले की सुटतात आणि दिवा लागतो.

तपासणी मोजमापाने नव्हे, तर पाहण्याने सुरू करावी. चाक उतरवून तार सेन्सरपासून कमानीतल्या कपलरपर्यंत बोटांनी चाचपत जावे. घासलेला भाग, सुटलेली क्लिप, टायरला लागून चकाकणारी जागा, मागे कोणी चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड, हे सारे डोळ्यांना दिसते. कपलर उघडल्यावर पिना हिरवट किंवा काळ्या दिसल्या, तर निम्मे निदान तेथेच झाले असे समजावे. कॉन्टॅक्ट क्लीनरने त्या स्वच्छ कराव्यात, पिना ढिल्या असतील तर हलक्या हाताने आवळाव्यात आणि मगच पुढे जावे.

त्यानंतर चावी बंद ठेवून, कपलर सोडवून, सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. वेटोळ्याच्या सेन्सरचा रोध साधारणतः एक ते अडीच हजार ओहमच्या दरम्यान असतो, काहींचा त्याहून थोडा कमी असतो. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच ॲक्सलवरच्या दुसऱ्या चाकाशी केलेली तुलना अधिक भरवशाची ठरते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे २० अंशांवर १,२०० ओहम दाखवणारा सेन्सर ३५ अंशांच्या मुंबईत १,२७० च्या आसपास दाखवेल आणि यात काहीही बिघाड नाही. डावीकडे १,२५० आणि उजवीकडे अनंत किंवा शून्याजवळचा आकडा आला तर निकाल स्पष्ट आहे. यानंतर प्रत्येक पिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधला रोध पाहावा. तेथे मीटरने काहीच दाखवू नये. काही हजार ओहमचा आकडा दिसला तर ओलावा कोठेतरी विजेला जमिनीकडची वाट करून देत आहे.

हीच मोजमापे, बॅटरीची ऋण तार सोडवून, संगणकाच्या कपलरपाशीही घ्यावीत. चाकापाशी आकडा चांगला आणि संगणकापाशी वाईट, याचा अर्थ मधली तार दोषी. मोजताना दुसऱ्या माणसाने तार कमानीपाशी वाकवावी, ओढावी आणि सुकाणू दोन्ही टोकांना फिरवावे. आकडा उडी मारतो त्या जागी तूट आहे. जुलैमध्ये येऊन ऑक्टोबरमध्ये आपोआप नाहीसा होणारा दोष असेल तर कोरड्या गाडीवर मोजमाप घेण्यात अर्थ नाही. बाटलीत चिमूटभर मीठ घातलेले पाणी घेऊन ते कपलरवर आणि तारेवर फवारावे, पाच मिनिटे थांबावे, पुन्हा मोजावे आणि काम झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन, वाळवून घ्यावे. पावसाळ्यातच दिसणारे आणि गॅरेजमध्ये हाती न लागणारे दोष या एका युक्तीने उघडकीस येतात.

तार जोडण्याविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. दोन टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची आपल्याकडची सर्रास पद्धत चाकाच्या कमानीत पुढच्या पावसापर्यंतसुद्धा टिकत नाही. डाग देऊन केलेला जोडही हलणाऱ्या भागात त्याच्या कडेला मोडतो, म्हणून जोड नेहमी न हलणाऱ्या जागी सरकवावा आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवावी. सेन्सरच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, जेणेकरून बाहेरचा विद्युत गोंगाट त्यांच्यात शिरू नये. जोड देताना हा पीळ तसाच राखला पाहिजे.

रिंग, अंतर आणि बेअरिंग

तार निर्दोष ठरली की चाक हाताने फिरवून सेन्सरची वीज मोजावी. गाडी सपाट जागी, उतरवलेल्या हँडब्रेकसह, इतर चाकांना पाचर लावून आणि स्टँडवर टेकवून उभी करावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने फिरवले असता चांगला सेन्सर सामान्यपणे ०.१ व्होल्टपेक्षा अधिक देतो आणि गती वाढवली की आकडा चढतो. येथेही दुसऱ्या बाजूशी तुलना करावी. रोध दोन्हीकडे सारखा, पण वीज एका बाजूला निम्मी, असे दिसले तर वेटोळे चांगले आहे आणि दोष अंतराचा किंवा चुंबकाच्या टोकाचा आहे.

सेन्सरचे टोक चुंबकीय असल्याने ब्रेकचा लोखंडी चुरा त्यावर गोळा होतो. कोकणच्या किनाऱ्यावर गाडी वाळूत नेणाऱ्यांना एक जादा त्रास असतो : रत्नागिरीच्या बाजूच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजे असतात आणि तिच्यातले चुंबकाला ओढले जाणारे कण सेन्सरच्या टोकावर दाढीसारखे चिकटून बसतात. खाऱ्या वाळूतून आल्यावर केवळ बॉनेट आणि दारे धुणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत; पाण्याचा झोत खरा चाकांच्या आतल्या बाजूला हवा असतो.

गंज ही याहून मोठी अडचण आहे. नकलमधल्या भोकाभोवती गंजाचा थर फुगला की तो सेन्सरला आतून वर उचलतो आणि बोल्ट पूर्ण आवळलेला असूनही अंतर वाढते. अंतर मोजण्यास पितळी पातेच वापरावे, कारण पोलादी पाते चुंबकाला चिकटते आणि माप चुकते. अनेक गाड्यांत हे अंतर अर्धा ते दीड मिलिमीटर असते आणि वेगळे जुळवता येत नाही. भोक आणि बैठक साफ करणे हीच त्याची जुळणी. जुन्या रेंज रोव्हर आणि पहिल्या पिढीच्या डिस्कव्हरीत मात्र सेन्सर एका चिरलेल्या बुशीत केवळ घर्षणाने धरलेला असतो, तो रिंगला टेकेपर्यंत आत ढकलायचा असतो आणि चाक फिरू लागले की रिंगच त्याला हवा तेवढा मागे सारते. हबमध्ये ढिलेपणा असेल तर तो गरजेपेक्षा अधिक मागे सरतो, आणि मग शेवटच्या दोन मीटरमधली ती पेडलची थरथर सुरू होते.

रिंग पाहताना चाक पूर्ण एक फेरा फिरवून प्रत्येक दात नजरेखालून घालावा. शाफ्टवर दाबून बसवलेल्या रिंगखाली गंज चढला की तो आतून फुगतो आणि रिंग एका जागी तडकते. तडा गेलेल्या जागची खाच इतर खाचांपेक्षा रुंद होते आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा संगणकाला चाकाचा वेग क्षणार्धात पडल्याचा भास होतो. मल्टिमीटर सरासरी दाखवत असल्याने त्याला हा झटका दिसत नाही. तो लहरींचा आकार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर दिसतो किंवा डोळ्यांनी, आणि डोळे फुकट आहेत. त्याच वेळी चाक वर-खाली आणि डावे-उजवे धरून हलवावे. जाणवण्याइतका ढिलेपणा असेल तर आधी बेअरिंगचे काम करावे, कारण ढिल्या बेअरिंगवर कोणतेही अंतर टिकत नाही.

नव्या पद्धतीचा सेन्सर असेल तर

२००० च्या दशकाच्या मध्यापासून पुष्कळ गाड्यांत चुंबकीय क्षेत्र ओळखणारी छोटी चिप असलेले सेन्सर येऊ लागले. त्यांना संगणकाकडून वीज लागते. तारा त्यांनाही दोनच असू शकतात, म्हणून दिसण्यावरून फसू नये. सेन्सर सोडवून, चावी सुरू करून, गाडीकडच्या कपलरमध्ये डीसी व्होल्ट मोजावेत. बॅटरीच्या जवळपासचा आकडा आला तर सेन्सर या नव्या जातीचा आहे आणि त्याच्यावर ओहमचे मोजमाप चालवण्यात काहीही हशील नाही. उलट, जुन्या वेटोळ्याच्या सेन्सरला बारा व्होल्ट कधीही देऊ नयेत. नव्या जातीत पुष्कळदा दातेरी रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा भरलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बेअरिंग बदलताच दिवा लागला असेल तर ते उलटे बसवले गेल्याची शक्यता पहिल्याने तपासावी.

चाकांशी संबंध नसलेली कारणे

एका कोपऱ्यात वेगळ्या मापाची स्टेपनी चढवलेली असेल तर ते चाक कायम वेगळ्या गतीने फिरते आणि संगणक गोंधळतो, म्हणून चारही टायरांची मापे आणि हवा सर्वांत आधी पाहावी. बॅटरी किंवा अल्टरनेटर अशक्त असल्यास एबीएसचा संगणक पुरेशा व्होल्टेजअभावी स्वतःहून बंद होतो. दुसऱ्या पिढीच्या डिस्कव्हरीत एबीएस, ट्रॅक्शन आणि उतार-नियंत्रण असे तीन दिवे एकदम लागण्यामागे ब्रेकच्या हायड्रॉलिक युनिटमधला शटल व्हॉल्व्हचा स्विच पुष्कळदा कारणीभूत असतो, आणि तरीही त्या गाड्यांचे महागडे हब सेन्सरसकट बदलले जाताना दिसतात.

फोर-बाय-फोर गाडीचे एक वेगळेपण येथे नोंदवले पाहिजे. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे मधले डिफरेन्शियल लॉक केले की पुढची आणि मागची चाके एकमेकांना बांधली जातात आणि चाकांच्या वेगांची तुलना निरर्थक होऊ लागते. म्हणून अशा गाड्यांपैकी काहींत वेग खरोखर किती झपाट्याने कमी होतो आहे हे मोजणारा एक वेगळा जी-सेन्सर असतो, तर काहींत लॉक लावताच एबीएस मुद्दाम बंद केले जाते आणि दिवा लागतो. सैल मुरुमावर किंवा वाळूत जाम झालेले चाक आपल्यापुढे मातीचा ढीग रचून गाडी लवकर थांबवते, त्यामुळे तेथे एबीएस नसणे फायद्याचेही ठरते. लॉक काढल्यावर दिवा विझत असेल आणि मॅन्युअल तसेच सांगत असेल, तर दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही.

सेन्सर खरोखरच मेला असेल तर

वेटोळे तुटल्याचे सिद्ध झाले की सेन्सर बदलावाच लागतो, आणि जुन्या गाडीत तो बाहेर काढणे हेच मोठे काम असते. गंजलेल्या भोकात आवळलेल्या सेन्सरला पक्कडीने पिळले की त्याचे प्लास्टिकचे डोके तुटते आणि धड आतच राहते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे, सकाळी थोडे थोडे डावे-उजवे फिरवत वर घ्यावे आणि तरीही तो आला नाही, तर नकल उतरवून मागच्या बाजूने ठोकून काढावा. नवा घेण्यास ऑपेरा हाऊसच्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाताना जुना सेन्सर आणि मल्टिमीटर बरोबर न्यावा. टोकाची लांबी, बोल्टच्या कानाचा कोन, कपलरचा आकार आणि तारेची लांबी जुळवून पाहावी आणि दुकानातच रोध मोजून घ्यावा. टोकाच्या लांबीतला एक मिलिमीटरचा फरक म्हणजे अंतरातला एक मिलिमीटरचा फरक, हे तेथे विसरू नये.

बसवताना भोक पितळी ब्रशने साफ करून आत ब्रेकसाठीच्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. कोड पुसल्यावर पुष्कळ जुन्या गाड्यांत दिवा लगेच विझत नाही; गाडी काही अंतर चालून चारही चाकांचे संदेश जुळल्याची संगणकाची खात्री झाली की मगच तो जातो. त्यानंतर मोकळ्या, ओल्या, सपाट जागेवर ताशी ३०-४० किलोमीटरवरून ब्रेक जोरात दाबून पेडलचा कंप जाणवतो का ते पाहावे आणि मग हलक्या ब्रेकने थांबताना तो जाणवत नाही, याचीही खात्री करावी. शेवटी कपलरवर पुन्हा एकदा पाणी फवारून तीच फेरी मारावी, आणि ती पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यातच मारून घ्यावी.